पारख

जनावरांच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी रंगरूपावर भुलत नाही. तो दात पाहतो, खूर तपासतो, बैलाला चार पावले चालवून पाहतो आणि मगच इसार देतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले हे शहाणपण जालना जिल्ह्यातील खेड्यांना आज एका नव्या खरेदीत उपयोगी पडणारे आहे. ती खरेदी म्हणजे जुन्या विजेच्या मोटारीची.

विजेची मोटार भारताला सर्वस्वी नवी नाही. बंगळूरची 'रेवा' ही छोटी मोटार 2001 साली रस्त्यावर आली. तथापि अशा गाड्यांचा प्रसार वाढला तो 2020 नंतर. त्याच वर्षी टाटांची विजेवर चालणारी नेक्सॉन विक्रीस आली. त्या सुमारास घेतलेल्या गाड्या आता दुसरा मालक शोधू लागल्या आहेत. नव्या गाडीपेक्षा त्या पुष्कळ स्वस्त पडतात.

अशी गाडी शहरालाच शोभते, हा समज मात्र खरा नाही. शहरातील सदनिकेत राहणाऱ्याला चार्जिंगसाठी जागा शोधावी लागते; खेड्यात घरापुढे अंगण असते. नीट अर्थिंग केलेला 15 अँपिअरचा प्लग असला, की 30 युनिटांची बॅटरी सुमारे दहा तासांत, म्हणजे रात्रभरात भरते. खेड्यातील वाटाही बहुधा ठरलेल्या असतात: तालुक्याची कचेरी, जालन्याचा मोंढा, मुलांचे महाविद्यालय.

परंतु बॅटरीही बैलाप्रमाणे म्हातारी होते. उष्णता तिचे आयुष्य कमी करते, आणि जालन्याचा उन्हाळा तर 40 अंशांपलीकडे जातो. समजा, नवी असताना एका भरणीत 200 किलोमीटर चालणाऱ्या गाडीची पाचवा हिस्सा शक्ती क्षीण झाली. म्हणजे ती 160 किलोमीटर चालेल. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला जाऊन येण्यास सुमारे 120 किलोमीटर पडतात. हिशेब जमला, पण शिल्लक थोडी उरली. त्यातच समृद्धी महामार्गावर गाडी भरधाव सोडली, तर ही शिल्लकही राहणार नाही. कारण वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्याला ही गाडी दगा देत नाही. ज्याला वारंवार लांबचा पल्ला गाठायचा आहे, त्याने मात्र तिच्या वाटेला जाऊ नये.

खरा धोका निराळाच आहे. बैलाचे लंगडणे डोळ्यांना दिसते; बॅटरीचे दुखणे दिसत नाही. नवा रंग आणि स्वच्छ बैठक यांच्याआड ते सहज दडते. शिवाय आठवड्याच्या बाजारात खोटे जनावर विकणाऱ्याला पुढच्या आठवड्यात त्याच माणसांना तोंड दाखवावे लागते. त्या लाजेवर बाजाराचा विश्वास उभा असतो. दूरच्या शहरातील विक्रेता पुन्हा भेटणार नसतो. जिथे लाज पोहोचत नाही, तिथे कागद पोहोचला पाहिजे.

म्हणून व्यवहारापूर्वी बॅटरीची तपासणी कंपनीच्या सेवाकेंद्रात करवून तिचा लेखी अहवाल घ्यावा. पूर्ण भरलेली गाडी ओळखीच्या वाटेवर चालवून पाहावी. बॅटरीची हमी बहुधा 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर, यांतील जे आधी घडेल तिथपर्यंत असते. तिच्यातील किती मुदत उरली व ती दुसऱ्या मालकाला लागू आहे काय, हे कागदावर वाचावे. नोंदणी आपल्या नावावर करून घ्यावी. बिघाड झाल्यास विहिरीवरची मोटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराला बॅटरी उघडू देऊ नये. तिच्यात सुमारे 300 व्होल्टचा दाब असतो व तो प्राणघातक ठरू शकतो. जवळचे सेवाकेंद्र कोठे आहे, हेही आधीच विचारून ठेवावे.

कापूस किंवा मोसंबी विकून साठवलेला पैसा एका फसव्या सौद्यात बुडाला, तर मुलीची फी थांबते, पुढच्या हंगामाचे बियाणे उधारीवर आणावे लागते. शहराला नकोशी झालेली प्रत्येक वस्तू खेड्याने मुकाट्याने स्वीकारावी, असा काही नियम नाही. नव्या यंत्राला भिऊन दूर राहणे जितके अयोग्य, तितकेच केवळ स्वस्त म्हणून ते घरी आणणे अयोग्य. विक्रेत्याला निःसंकोच प्रश्न विचारावेत, आणि ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून रिकाम्या हाताने परत यावे. त्यात कमीपणा मुळीच नाही.