वजन ओके, पोट नॉट ओके!

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं ऐटीत सांगणारा एक तरी मित्र तुमच्या ऑफिसात असणारच. सेलू, जिंतूर नाहीतर गंगाखेडहून निघून इंजिनीअरिंग करत करत गडी थेट हिंजवडीत पोचलेला. अंगकाठी अजून गावाकडचीच. हातपाय काडीसारखे, वजन चार्टप्रमाणे करेक्ट. फक्त टी-शर्टच्या आत एक छोटंसं मडकं ठेवल्यासारखं दिसायला लागलंय. 'मी कुठे जाड आहे यार?' म्हणत तो चौथा चहा मागवतो.

बॉस, गोची तिथेच आहे!

जेवल्यावर रक्तात साखर वाढते. ती स्नायूंत, लिव्हरमध्ये पोचवायची ड्यूटी इन्सुलिनची. पण पोटात आतल्या बाजूला, लिव्हरमध्ये चरबी साचली आणि स्नायू दिवसभर खुर्चीत पेंगत राहिले, की ते इन्सुलिनला दादच देत नाहीत. यालाच म्हणायचं इन्सुलिन रेझिस्टन्स. बिचारं स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन सोडतं. फोन न उचलणाऱ्या क्लायंटला आपण दहादा रिंग देतो ना, तसंच. काम होतं, म्हणून शुगरचा रिपोर्ट वर्षानुवर्षं नॉर्मल येतो. स्वादुपिंड थकलं की एक दिवस डायबेटीस, सोबत बीपी, फॅटी लिव्हर आणि हार्टची भानगड. मुलींमध्ये पीसीओएस आणि पाळीच्या तक्रारींमागेही बऱ्याचदा हेच असतं. मानेवर मखमलीसारखा काळसर पट्टा आलाय, घासून घासून जात नाही? पार्लरआधी डॉक्टरांना दाखवा.

बारीक माणसाला हे कसं होतं, याचं भन्नाट उत्तर पुण्यातच मिळालं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये चक्क स्वतःचे फोटो छापले. दोघांचाही बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन धावणारे, तर याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत गाठणं. हे त्यांनीच लिहिलंय. पण सगळा दोष लिफ्टचा नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं, की आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण चरबी मात्र जवळजवळ राखून असलेली. स्नायूंचं भांडवल जन्मापासूनच तोकडं. त्यात तुम्ही नऊ तास बसणार!

मग करायचं काय? 'गावाकडची भाकरी खा' असं सांगणारे ढिगाने भेटतात. ज्वारी आहेच आपली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती'सारखे वाण दिले. इक्रिसॅटसोबत २०१८मध्ये 'परभणी शक्ती' आणला, पण तो जास्तीच्या लोह आणि जस्तासाठी, शुगरसाठी नव्हे. पाव किंवा मैद्याच्या रोलपेक्षा भाकरी केव्हाही बरी. पण भाकरी म्हणजेही स्टार्चच की! आजोबा चार भाकरी पचवायचे, कारण ते दिवसभर औतामागे चालायचे. तुम्हाला दीड-दोन पुरे. त्यासोबत वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ हवी. आणि सकाळची सुशीला? मुरमुरे फार चटकन साखरेत बदलतात. दाणे आणि मोड आलेली कडधान्यं सढळ हाताने घाला, मुरमुरे निम्मे करा. (परभणीकर माफ करतील.)

जेवल्यावर आपली आजी शतपावली करायला लावायची, ते फार शहाणपणाचं होतं. स्नायू हलायला लागले की इन्सुलिनच्या फारशा मिनतवाऱ्या न करता साखर आत घेतात. शंभर पावलांवर न थांबता दहा-पंधरा मिनिटं चाला. आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला, नाहीतर घरीच बैठका मारा. ते तोकडं भांडवल वाढवायचा हाच रस्ता. आणि रात्री दोनपर्यंत मोबाईल बघणाऱ्यांनो, अपुऱ्या झोपेनेही इन्सुलिनची ताकद घटते.

एवढ्याने फरक पडतो? चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या टीमने २००६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, डायबेटीसच्या उंबरठ्यावरच्या लोकांचा धोका निव्वळ आहार-व्यायामाने २८.५ टक्क्यांनी घटला. मेटफॉर्मिनच्या गोळीचाही परिणाम साधारण तेवढाच होता. घरात कुणाला डायबेटीस असेल, तर तिशीची वाट न बघता उपाशीपोटीची शुगर आणि एचबीएवनसी करून घ्या. शुगर १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ आलं, की डॉक्टर गाठायचा.

आणि आजच्या आज, टेलरची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८० ही लिमिट. पोट आत ओढून घेतलेलं माप धरत नाहीत!