आखाडा कोणाच्या मालकीचा?

आमच्या घरामागील बोळात, बंद पडलेल्या एका झेरॉक्सच्या दुकानात, रोज रात्री दहा-बारा तरुण मोबाइल घेऊन जमतात. कोणी एमआयडीसीतील पाळी संपवून येतो, कोणी स्पर्धापरीक्षेची पुस्तके मिटून. चार-चारांचे संघ करून ते ‘बीजीएमआय’ हा लढाईचा खेळ खेळतात आणि महिन्यातून एकदा शेजारच्या पेठांतील संघांशी सामने लावतात. प्रत्येकी पन्नास रुपये वर्गणी. त्यातून चषक आणि उरल्या पैशांची मिसळ. गुणतक्ता लिहिण्याचे काम त्यांनी आमच्याकडे सोपवले आहे. पहिल्या संघाला १०, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ५ आणि बाद केलेल्या प्रत्येक गड्यामागे एक. अर्थशास्त्राच्या पदवीचा याहून निरुपद्रवी उपयोग आम्ही आजवर केलेला नाही.

‘तरुण पिढी वाया गेली’ असा निर्वाळा देणारे आपल्या कार्यकर्त्यांतही पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा तेथे येऊन बसावे. ज्याचा मोबाइल जुना, त्याला दुसरा आपला चांगला मोबाइल सामन्यापुरता देतो. हरलेल्या डावाची चिकित्सा तर आपल्या बैठकांहून अधिक मोकळेपणाने होते. तालमीत वस्तादाभोवती आणि फुटबॉलच्या मोसमात पेठेच्या संघाभोवती कोल्हापूरकर जमतो, त्याच परंपरेतील ही जमवाजमव आहे.

फरक आहे तो मालकीचा. खासबागेचे कुस्ती मैदान १९१२ पासून उभे आहे. तालमीचा हौदा पेठेचा असतो, तो एका रात्रीत नाहीसा होत नाही. या मुलांचा आखाडा मात्र दक्षिण कोरियातील क्राफ्टन या कंपनीचा. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली, तीत ‘पबजी मोबाइल’ गेला. त्याच्या जागी २०२१ मध्ये आलेला बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये सरकारी आदेशाने हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. देशाच्या सुरक्षेचा विचार सरकारने करू नये, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्यांनी हाताला वळण लावण्यात वर्षे घालवली, त्यांना कंपनीने विचारले नाही, सरकारनेही नाही. कसब कामगाराचे आणि यंत्र मालकाचे, हे नाते आमच्या वाचकांना नवे नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्याने बंदी घातली, हे उत्तमच झाले. त्या जुगाराने अनेक संसार बुडवले आहेत. ई-स्पोर्ट्सना त्याच कायद्याने मान्यताही दिली. तथापि त्यासाठी खेळाची मान्यता व नोंदणी हवी, आणि प्रवेशशुल्क केवळ प्रवेशापुरते वा व्यवस्थेच्या खर्चापुरते. पैशांचा खेळ भरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. मोठ्या आयोजकांच्या पदरी वकील असतात; बोळातल्या पोरांकडे एक वही आणि एक निवृत्त प्राध्यापक. पेठेपेठेतील अशा छोट्या सामन्यांसाठी जिल्हा क्रीडा कार्यालयात एका साध्या अर्जावर नोंद व्हावी आणि महापालिकेची एखादी खोली संध्याकाळी मिळावी, ही मागणी आपल्या कार्यकर्त्यांनी हाती घेतली पाहिजे.

मुलांनी परवा विचारले, “सर, वर्गणीतून चषक आणला तर चालंल न्हवं?” तूर्त वर्गणी थांबवली आहे. या महिन्याचा चषक आमच्या पेन्शनमधून आला, मिसळ झाली नाही.