‘जगातील मुस्लिम’ मोजताना आपण कुठे असतो?

‘जगभरातील मुस्लिमांना काय वाटते?’ असा मथळा मोबाइलवर आला की आपल्यातले काही जण चिडतात, काही जण अभिमानाने तो पुढे पाठवतात. हे आकडे कसे गोळा झाले, हे मात्र फार थोडे जण विचारतात. ते विचारायला हवे. कारण याच आकड्यांवरून आपल्याला शाबासकी मिळते आणि याच आकड्यांवरून आपल्यावर संशयही घेतला जातो.

अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०१३ साली जगातील मुस्लिमांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. ३९ देश, ८० हून अधिक भाषा आणि ३८ हजारांवर प्रत्यक्ष मुलाखती. काम खरोखर कष्टाचे होते. पण त्यात भारत नव्हता. राजकीय संवेदनशीलता आणि सुरक्षेच्या कारणांमुळे काही देशांत पाहणी करता आली नाही, असे संस्थेनेच नमूद केले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात १७ कोटींहून अधिक मुस्लिम होते. एवढे लोक बाहेर राहिले, तरी शीर्षक ‘जगातील मुस्लिम’ असेच राहिले.

दुसरी अडचण शब्दांची. शरियत हा देशाचा कायदा व्हावा का, या प्रश्नाला अफगाणिस्तानात ९९ टक्के, तर अझरबैजानमध्ये ८ टक्के लोकांनी होकार दिला. पण शब्द एकच असला म्हणून अर्थ एकच असतो का? १९३७ च्या शरियत कायद्यामुळे भारतात हा शब्द ऐकला की निकाह, तलाक आणि वारसा डोळ्यांपुढे येतो. दुसऱ्या देशात कुणाला शिक्षा आठवतील, कुणाला न्याय आणि प्रामाणिकपणा. प्रश्नाचे भाषांतर होते, पण त्यामागच्या इतिहासाचे होत नाही.

तिसरी अडचण रकान्यांची. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ज्या माहितीसाठी रकानाच ठेवलेला नाही, ती कितीही खरी असली तरी अहवालात येत नाही. जागतिक पाहणीत सुन्नी आणि शिया हे रकाने असतात. बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार यांना तिथे जागा नसते. भारतातील मुस्लिमांमधील जातींवर इम्तियाज अहमद यांनी संपादित केलेला ग्रंथ १९७३ सालीच आला होता. याच प्यूने २०२१ साली भारताचा स्वतंत्र अहवाल काढला. १७ भाषांत सुमारे ३० हजार लोकांशी बोलताना जातही विचारली. तेव्हा ४३ टक्के मुस्लिमांनी आपण ओबीसी असल्याचे सांगितले. रकाना ठेवला, म्हणून माणसे दिसली.

मग जागतिक तुलना सोडून द्यावी का? अजिबात नाही. ‘आमचे सगळे वेगळेच’ ही पळवाट आपल्याकडेही जोरात चालते. ट्युनिशियाने १९५६ साली बहुपत्नीत्वावर बंदी घातली आणि तलाक न्यायालयात नेला. हे माहीत असलेल्या मुलीला ‘मजहबात बदल होऊच शकत नाही’ असे सांगून गप्प बसवता येत नाही. मुस्लिम समाज एकसाची नाही, हे तुलनेतूनच कळते. म्हणून तुलना हवीच. फक्त तिच्यात आपलीही नोंद हवी.

यापुढे असा मथळा आला की तीन गोष्टी बघा: कोणाला विचारले, कोणत्या शब्दांत विचारले आणि काय विचारलेच नाही. आणि एवढ्यावर थांबू नका. आपल्या मोहल्ल्यात दहावीनंतर किती मुलींचे शिक्षण सुटते, कोणत्या बिरादरीत सुटते, निकाहनाम्यात मेहेर किती लिहिली जाते, याची पद्धतशीर नोंद कॉलेजात शिकणारे चार-पाच जण मिळूनही करू शकतात. विचारून, परवानगी घेऊन आणि नावे गुप्त ठेवून. जगाच्या अभ्यासात आपल्यासाठी रकाना हवा असेल, तर त्यात भरायची माहिती आधी आपल्याकडे असली पाहिजे.