आधी रस्ता ठरवा, मग सीसी

समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. नागपुरातून निघणारा ७०१ किलोमीटरचा गुळगुळीत रस्ता, आणि त्यावर तुमची-माझी बाईक चालणार नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, पण 'टूरिंगसाठी' चारशे सीसीची गाडी बुक करताना नेमकं हेच विसरलं जातं. शोरूमवाला विचारतो, "लाँग राइडसाठी ना?" आपण मान डोलावतो. कुठली लाँग राइड, हे त्यानं विचारलेलं नसतं आणि आपणही स्वतःला विचारलेलं नसतं.

तर मी विचारते. पुढच्या दोन वर्षांत तुम्ही खरंच कुठे जाणार आहात? चिखलदरा? पचमढी? हेमलकसा? की डिग्री झाल्यावर एकदाच लडाख? उत्तर बदललं की गाडी बदलते. संध्याकाळी फुटाळ्यावर उभ्या असलेल्या गाड्या बघा. अर्ध्या पोट्ट्यांच्या गाडीला क्रॅश गार्ड, फॉग लाइट, पेट्रोलच्या कॅनचा स्टँडसुद्धा. आणि रोजची धाव धरमपेठ ते कॉलेज. हौसेला मोल नसतं, मान्य. पण हौसेला हप्ता असतो ना बाप्पा, आणि तो बहुतेक घरांत वडिलांच्या खात्यातून जातो.

हप्त्याचं निघालंच आहे तर एक हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि त्यापुढच्या गाड्यांवर थेट ४० टक्के झाला. म्हणजे ३४९ सीसीची क्लासिक रेषेच्या अलीकडे आणि ४५२ सीसीची हिमालयन पलीकडे. रेष ओलांडायची तर कारण तेवढं मोठं पाहिजे. वेग हे कारण असेल, तर केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी महामार्गावर दुचाकीची कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. जबलपूर रोड घ्या नाहीतर हैदराबाद रोड, तिथे ८० चा वेग १६० सीसीची गाडीसुद्धा आरामात धरून ठेवते. मागे कुणी बसलंय, सामान लादलंय आणि समोर एकामागे एक तीन ट्रेलर आहेत, अशा वेळी जास्तीची ताकद कामी येते हे खरं. पण असे प्रसंग तुमच्या वर्षात किती, ते मोजा.

आता चिखलदरा. आपल्याकडच्या पोरापोरींची पहिली मोठी राइड बहुतेक हीच असते. अमरावतीपर्यंत महामार्ग, परतवाडा सोडलं की घाट. इथे ताकदीपेक्षा वजन आणि ब्रेक महत्त्वाचे. १९५ किलोची बुलेट किंवा क्लासिक सरळ रस्त्यावर राजासारखी चालते; पण पावसाळ्यात घाटाच्या कडेला, उतारावर, चिखलात ती मागे घ्यायची म्हटलं की घाम फुटतो. १५० ते २०० सीसीची हलकी गाडी इथे कितीतरी सुखाची. 'स्प्लेंडरवर पण जाता येतं' म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. येतं की. पण १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. त्याखाली कंपन्या सीबीएस देऊन मोकळ्या होतात. शेवाळलेल्या वळणावर हा फरक जिवाचा आहे. म्हणून माझी खालची मर्यादा सीसीवर नाही, एबीएसवर ठरते.

हेमलकशाचा रस्ता वेगळंच काही मागतो. नागभीड, ब्रह्मपुरी, गडचिरोली, आलापल्ली आणि मग भामरागड. आलापल्लीच्या आसपास लोहखनिजाच्या ट्रकांची वर्दळ, पुढे जंगल. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो, तेव्हा तो काळ सोडूनच द्या. इथे सस्पेन्शन उंच आणि लांब हालचालीचं हवं, पुढचं चाक मोठं हवं. एक्सपल्स २०० सारखी गाडी अशाच रस्त्यांसाठी बनली आहे, आणि ती साधारण १६० किलोची असल्यानं पडली तर एकट्याला उचलता येते. पण एक गोष्ट कुणी रीलमध्ये सांगत नाही. तिच्या आऱ्यांच्या चाकांत ट्यूब असते. ट्यूबलेस टायर पंक्चर झालं तर खिळा काढून, पट्टी कोंबून पाच मिनिटांत पुढे निघता. ट्यूब असेल तर चाक काढा, टायर उतरवा, आणि पंक्चरवाला सापडेपर्यंत ढकला. तेव्हा जास्तीची ट्यूब, पाना आणि हातपंप सोबत ठेवा, आणि निघण्याआधी घरीच एकदा चाक काढून बसवून बघा. दुसरं म्हणजे मेकॅनिक. गावातला मिस्त्री शंभर सीसीची गाडी डोळे मिटून खोलेल. लिक्विड कूल्ड इंजिन आणि सेन्सरची गाडी बंद पडली तर टेम्पोत घालून शहरात आणावी लागेल. बिघडल्यावर कोण दुरुस्त करणार, हा प्रश्न जंगलाच्या रस्त्यावर हॉर्सपॉवरच्या आधी येतो.

झिरो माइलच्या गावात राहतो म्हटल्यावर श्रीनगर-कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ आपल्याला खुणावणारच. इथून कन्याकुमारी सतराशे-अठराशे किलोमीटर. चार-पाच दिवस सलग सीटवर. इथे मात्र मी जड गाडीच्या बाजूनं बोलेन. बाजूनं ट्रक गेला की हलकी गाडी हवेच्या झोतानं हलते. मीटिअरसारखी साडेतीनशेची क्रूझर ढिम्म राहते, आणि पाठ ताठ ठेवून बसता येतं. फक्त मे महिन्यात हे करू नका. पारा ४५ च्या पुढे असताना जॅकेट घालवत नाही, आणि जॅकेट काढून महामार्गावर जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. आपल्याकडे राइडचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेही पहाटेचं धुकं सोडून.

लडाखसाठी गाडी विकत घेणाऱ्यांना मला हात जोडायचे आहेत. आयुष्यातल्या दहा दिवसांसाठी पाच वर्षांचं कर्ज काहून? तिथे गाड्या भाड्यानं मिळतात. स्वतःचीच न्यायची असेल, तर टाकी रिकामी करून, नीट गुंडाळून ती रेल्वेच्या पार्सलनं उत्तरेत पाठवता येते.

आणि मुलींनो, तुमच्यासाठी एक आकडा. सीटची उंची. नवी हिमालयन आणि एक्सपल्स दोन्ही ८२५ मिलिमीटरच्या आसपास, मीटिअर ७६५. पाच फूट दोन इंच उंचीच्या मुलीसाठी हा फरक म्हणजे सिग्नलला दोन्ही पाय टेकणार की एकाचीच बोटं. सेल्समन म्हणेल, "सवय होते मॅडम." होते, पण रिकाम्या गाडीची. मागे मैत्रीण आणि दोन बॅगा असताना बसून बघा.

शोरूमची टेस्ट राइड दहा मिनिटांची असते, तीही रिकाम्या गाडीवर. त्यापेक्षा ज्याच्याकडे ती गाडी आहे असा मित्र शोधा, पेट्रोल तुमचं म्हणून सांगा, आणि मागे एकाला बसवून, सामान बांधून रामटेकला जाऊन या. परत येताना पाठ काय म्हणते ते ऐका. बुकिंगचे पैसे त्यानंतर भरा.