रंगावर आवळलेला बोल्ट

गाडीतला सबवूफर मध्येच गप्प होऊ लागला की दुकानातलं उत्तर ठरलेलं: ॲम्प गेलाय, नवा घाला. मीटर अजून खणातच असतो.

माझ्या गाडीत हळू आवाजात सगळं ठीक चालायचं. आवाज वाढवला आणि ढोलाचा ठोका आला, की ॲम्पवरचा हिरवा दिवा लाल. वूफर बंद. दोन दुकानांनी नवा ॲम्प सांगितला. त्यातल्या एकाने जाता जाता मोठा फ्यूजही घालून दिला. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. तो मोठा केला तर आधी वायर जळते, हे बसवणाऱ्याला माहीत नसावं?

तिसऱ्या ठिकाणच्या पोराने एक लांब वायर घेतली. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला जोडली, दुसरी डिकीतल्या ॲम्पच्या अर्थला. इंजिन चालू ठेवून तेच गाणं मोठ्याने लावलं. आकडा शून्याजवळ राहायला हवा. प्रत्येक ठोक्याला तो 3 व्होल्टपर्यंत उडत होता.

डिकीतलं मॅटिंग उचललं. वायर जाड, बोल्ट घट्ट. पण वायरची लग थेट बॉडीच्या रंगावर आवळलेली. रंगातून वीज जात नाही. जी जात होती ती बोल्टच्या आट्यांतून, आणि बोल्ट हाताला गरम लागत होता.

हिशोब शाळेतलाच आहे. जोडात 0.1 ओहम रोध आणि ठोक्याला 30 अँपिअर, म्हणजे 3 व्होल्ट तिथेच गेले. बॅटरीवरचे 14 ठोक्याला 13वर येतात. ॲम्पला उरले जेमतेम 10. एवढ्यावर बरेच ॲम्प स्वतःला वाचवायला बंद होतात. लाल दिवा लागत होता तो ॲम्प धड होता म्हणून. नवा आणला असता तर तोही त्याच बोल्टवर बसला असता आणि तसाच बंद पडला असता. हजारो रुपये खर्चून.

पोराने पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासली. खालचं पत्र्याचं लोखंड चमकलं. लग परत बसवली, गंज धरू नये म्हणून वरून ग्रीस लावलं. आकडा 0.1 व्होल्टवर आला.

नवा ॲम्प सुचवणाऱ्या प्रत्येक दुकानाने आधी हा आकडा गिऱ्हाइकासमोर काढून दाखवावा. दाखवला नाही, तर गिऱ्हाइकाने पाकीट काढू नये.