पाऊस सह्याद्रीचा, बेगमी आपली

एकाच कुळाची एक शाखा मालगुंडास आणि दुसरी वाईस, अशीं कुटुंबें आमच्या वाचकांत पुष्कळ आढळतील. मृगाचा पाऊस लागला म्हणजे केशवसुतांच्या या जन्मगांवीं पागोळ्यांखेरीज दुसरें कांहीं ऐकूं येत नाहीं. वाईची मंडळी मात्र राहिलेलें वाळवण आज उन्हांत घालावें कीं नाहीं याचा विचार करीत असतात. सरळ रेषेंत पाहिलें तर दोन गांवांत शंभर-सव्वाशे किलोमीटरांचेंच अंतर. मग पावसांत एवढी तफावत कां? घरांतील मुलें असें विचारूं लागलीं तर त्यांची नुसती बोळवण करूं नये, असें आम्हांस वाटतें.

जूनच्या आरंभीं नैर्ऋत्येकडील मोसमी वारे अरबी समुद्रावरचें बाष्प घेऊन किनाऱ्यास लागतात. मालगुंडाच्या पूर्वेस पन्नास-साठ किलोमीटरांवर सह्याद्रि भिंतीसारखा उभा आहे. वाट अडल्यामुळें वाऱ्यास वर चढावें लागतें. उंचावर हवेचा दाब कमी. म्हणून चढणारी हवा प्रसरण पावते व निवते. कोरडी हवा दर किलोमीटरास सुमारें १० अंश सेल्सिअसनें थंड होते. थंड हवेंत पूर्वीइतकें बाष्प मावत नाहीं. त्याचे ढग बनतात आणि पाऊस कोसळतो. माथा ओलांडून तीच हवा खालीं उतरूं लागली कीं दाबली जाते, तापते आणि अधिकच कोरडी होते.

आंकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होईल. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाकाठीं ३००० मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापानें सुमारें १२० इंच, किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. महाबळेश्वरीं तो ५५०० मिलिमीटरांच्या आसपास वा पुढें जातो. तेथून पूर्वेस वीस किलोमीटरांच्या आंत असलेल्या पांचगणीस त्याचा सुमारें तिसरा हिस्साच मिळतो. आणि आणखी पूर्वेस, माण तालुक्यांत, ५०० मिलिमीटरांवर समाधान मानावें लागतें. यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

तथापि सह्याद्रीनें देशावरच्या मंडळींस अगदींच वगळलें आहे असें नाहीं. माथ्यावरचें पाणी घेऊन कृष्णा महाबळेश्वराहून निघते, वाईच्या घाटांवरून जाते आणि सुमारें १४०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरास मिळते. कोंकणांतील नद्या उलट आंखूड आणि उताराच्या. मालगुंडाच्या उत्तरेस जयगडाजवळ समुद्रास मिळणारी शास्त्री नदी सह्याद्रींतच उगम पावते, पण तिची सारी वाट थोडक्यांत संपते. त्यांत जांभा दगड सच्छिद्र. त्यांत मुरलेलें पाणी झऱ्यांवाटे लौकरच निघून जातें. म्हणून ज्या जिल्ह्यांत आषाढांत सूर्यदर्शन दुर्मिळ, तेथेंच मे महिन्यांत कित्येक वाड्यांना टँकरनें पाणी पुरवावें लागतें. पाऊस उदंड आणि घागर रिकामी, ही स्थिति विचार करण्याजोगी आहे.

येथें घरच्या हिशेबाचा उपयोग होईल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. त्याप्रमाणें १०० चौरस मीटरांच्या छपरावर कोंकणांत वर्षाला ३ लाख लिटर पाणी पडतें. दहा माणसांच्या कुटुंबास, माणशीं रोज १०० लिटर धरलें तरी, उन्हाळ्याच्या १०० दिवसांत १ लाख लिटर पुरतें. म्हणजे गरजेच्या तिप्पट पाणी आपल्याच पागोळ्यांतून निघून जातें! तें सारें सांठविणें कोणास परवडणार नाहीं हें खरें. परंतु पिण्यापुरतें स्वच्छ पाणी झांकलेल्या टाकींत धरावें, आणि उरलेलें वाळू-खडीच्या गाळणींतून विहिरीशेजारीं जिरवावें, एवढें बहुतेक घरांस साधेल. पाऊस ओसरल्यावर ओहोळांवर माती भरलेल्या गोण्यांचे वनराई बंधारे घालणें हें चार घरांनीं मिळून करण्याजोगें काम आहे.

आगोटीची बेगमी करतांना मीठ-मिरची, लाकूडफांटा यांची आठवण कोंकणांतील गृहिणीला कधीं करून द्यावी लागली नाहीं. त्याच यादींत पुढच्या उन्हाळ्याचें पाणीही लिहावें, आणि मृगाच्या आधीं छपराला पन्हळ लावून घ्यावी, इतकीच आमची सूचना आहे.