दाराशी आलेला निरोप्या

वसईच्या राजेळी केळ्यांची सुकेळी फराळात आली, की मधुमेही मंडळी हळूच विचारतात, “अर्धे चालेल ना?” साखर रक्तात उतरताच स्वादुपिंड इन्शुलिन सोडते. हे 51 अमिनो आम्लांचे प्रथिन. गिळले तर पचूनच जायचे, म्हणून ती सुई! स्नायूच्या पेशीबाहेर डोकावणाऱ्या ‘ग्राही’ प्रथिनाला ते बिलगते. ग्राहीचे आतले टोक जागे होते आणि साखर आत घेणाऱ्या वाहक प्रथिनांना दाराशी बोलावणे जाते. प्रौढपणीच्या मधुमेहात निरोप्या बहुधा येतो, पण घरातली मंडळी ऐकून न ऐकल्यासारखे करतात. चालणाऱ्या स्नायूत मात्र हेच वाहक निरोपावाचूनही दाराशी येतात. म्हणून तर डॉक्टर जेवणानंतर फेरी मारायला सांगतात. औषध मात्र, वाचकहो, त्यांना विचारल्यावाचून सोडू नये.